दाखवायची चूल

चुलीचं तोंड दक्षिणेला नसावं.

हनुमानच्या शर्टाच्या खिशात राख असते. धुतला तरी असते. परळीच्या वीटभट्टीवरून शनिवारी घरी आला की तो आधी अंगणात उभा राहून खिसे उलटे करतो, मग लेकीला हाक मारतो.

केसरबाईच्या पासबुकातली शेवटची ओळ: पंधराशे जमा. ती हातानं लिहिली आहे, कारण त्या दिवशी मशीनची शाई संपली होती.

ज्या साली माजलगावच्या धरणातलं पाणी तळाला जातं, त्या साली एका बुडालेल्या गावचा पार दिसतो. पारावरच्या मारुतीला शेंदूर राहिलेला नाही.

लेकीच्या, आरोहीच्या बुटाचा नंबर आता दोन. जूनमध्ये एक होता.

मीठ हातावर द्यायचं नाही. खाली ठेवायचं. घेणाऱ्यानं उचलायचं.

*

गुरुवारी सकाळी केसरबाई ओसरीवर कापसाची बोंडं सोलत बसली होती. सप्टेंबरच्या पावसानं अर्धी बोंडं काळी पडली होती, त्यातून निघायची ती पिवळट कवडीच. तरी ती बोटानं उकरून काढायची, पांढरं एका पाटीत आणि पिवळं दुसऱ्या पाटीत. पांढऱ्याच्या पाटीचा तळ दिसत होता.

कोतवाल सिदू फाटकातूनच ओरडला, "केसरमावशी, हायीस का?"

"न्हाई, मेले. ये बस."

"बसाय येळ न्हाई. तुझ्या पगाराची चौकशी लागलीय."

केसरबाईचा हात थांबला. पगार म्हणजे म्हातारपणाचे पंधराशे. गावात त्याला सगळे पगारच म्हणत.

"कसली चौकशी? जित्ती हाय म्हणून दाखला दिलाय की म्या. बँकेत जाऊन उभी राह्यलेय."

"जित्ती हाय ते दिसतंय. पर जिला कमावता ल्योक हाय आन् जी त्याच्यात खाती, तिचं नाव कट. तलाठीबाई पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी येणार. घरात शिरून बगणार."

"माझं रेशनचं कार्ड येगळं हाय. तीन साल झाले."

"कार्डाला कोण पुसतंय? चूल दाव म्हणंल ती. कुठाय तुझी चूल?"

केसरबाईनं घराकडे पाहिलं. घरात गॅस होता, रिकामा. अंगणात एक चूल होती, तिच्यावर सुनेनं, वनमालेनं, सकाळी केलेल्या भाकरीचा तवा उपडा ठेवलेला होता. तिसरं काही नव्हतं.

"पानी दिऊ का?" ती म्हणाली.

"नगं. अजून नऊ म्हाताऱ्या हायत मला," म्हणत सिदू गेला.

*

कॅलेंडरची मागची बाजू. वनमालेचं अक्षर.

हे, भट्टी: ३ आठवडे आले. चौथा नाही. (राख मिळाली नाही म्हणून भट्टी बंद.)
माझे लाडकीचे: नाही. नाही.
शेतीचे दोन हजार: आले. खतवाल्याला दिले.
आत्याचे: १५००. त्यातले १००० घरात. ५०० आत्याकडे.
तेल. साखर. आरोहीचे बूट (पुढच्या महिन्यात).

शेवटच्या कंसातला मजकूर ऑगस्टच्या पानावरही होता.

*

आत्याकडे म्हणजे चंचीत. ती लाल खणाची, चार कप्प्यांची पिशवी केसरबाईला तिच्या आईनं शिवून दिली होती. एकात सुपारी, बाकीच्या तिन्हीत पैसे. रक्तदाबाच्या गोळ्यांचे वेगळे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चहासाखरेचे वेगळे. तिसऱ्या कप्प्यात काय आहे ते ती कुणाला सांगत नसे. नवरा, राधाकिशन, असताना तो म्हणायचा, "तिसरा कप्पा माझ्या मर्तिकाचा हाय का गं?" ती म्हणायची, "तुमच्या न्हाई, माझ्या जत्रेचा." एकदा त्याच पैशांवर दोघं कपिलधारला जाऊन आले होते. धबधब्याखाली तो कपड्यांसकट उभा राहिला. मेंढरं हाकणारा माणूस, पावसात भिजायची सवय होती त्याला, तरी पोरासारखा ओरडत होता.

राधाकिशन जाऊन अकरा वर्षं झाली होती. आता तिसऱ्या कप्प्यात गोळ्यांचंच बिल घडी घालून ठेवलेलं असे.

वनमाला चारच्या सुमाराला आली. दुसऱ्याच्या रानात दहा रुपये किलोनं कापूस वेचून आली होती. बोटांची टोकं बोंडांच्या नखांनी फाटलेली. डोक्यावरचं फडकं न सोडता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग काय करायचं मनता?" ती म्हणाली.

"काय करायचं. कटलं तर कटलं."

"असं कसं कटलं तर कटलं? ह्यांच्या भट्टीचं खरं न्हाई. माझे येतेत-न येतेत. तुमचे तेवढे एका तारखेला येतेत, आत्या. त्येच्यावर मी दुकानदाराला तोंड देते."

केसरबाईनं पांढऱ्याची पाटी जवळ ओढली. दोन वर्षांमागे विहिरीच्या पायरीवर ती घसरली होती आणि तीन महिने खाटेवर होती. वनमालेनंच तिला उचललं, पाठ धुतली, भांडं दिलं. त्यामुळे वनमाला काही ठरवायच्या सुरात बोलली की ती मध्ये बोलत नसे.

"शेळ्यांच्या छपरात चूल घाला," वनमाला म्हणाली. "एक पत्रा आडवा मारू. डबे मांडू. दाखवायची तर दाखवू की चूल."

*

माती आणायला केसरबाई स्वतः गेली. बांधाच्या कोपऱ्यात धरणातल्या गाळाचा ढीग उरला होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी हनुमाननं ट्रॉलीनं तो आणून रानात पसरला होता. ढीग वरून कडक झाला होता, तिनं खुरप्यानं फोडला. आत काळी, लोण्यासारखी माती निघाली. त्यात बारके बारके शंख.

तिनं एक शंख नखानं काढला आणि वास घेतला.

तिचं माहेर ह्याच धरणात गेलं होतं. पाणी अडवलं त्या साली आईला न्यायला बैलगाडी आली. सगळं सामान भरून झालं, तरी आई घरात काहीतरी करत होती. केसरबाई बघायला गेली तर आई चूल सारवत होती. पांढऱ्या मातीचा पोतारा, तळव्यानं, कडेपासून आत, जशी रोज पहाटे सारवायची तशी.

"आगं, आता कुणासाठी?"

"उष्टी सोडून जाऊ व्हय?" आई म्हणाली. मग हात धुतले आणि गाडीत बसली.

केसरबाईनं दोन घमेली माती भरली. दोन्ही खेपांना कंबर दुखली, पण तिनं कुणाला हाक मारली नाही. मातीत भुस्कट घातलं, थोडं शेण घातलं, पायानं तुडवलं. तीन बाजूंच्या भिंती हातानं उचलल्या. मागे वैलाला जागा सोडली, चुलीवरचं उतरलेलं भांडं ऊनऊन राहावं म्हणून. दाखवायच्या चुलीला वैल कशाला, असं तिच्या मनात आलं. पण हात थांबले नाहीत. चुलीचं तोंड पूर्वेला ठेवलं.

शेळ्या दाव्याला ताण देऊन बघत होत्या.

*

रविवारी शेजारची तुळजाबाई बघायला आली. छपरात वाकून शिरली आणि हसायलाच लागली.

"आगं बया! ही तर हळद लागायची नवरी दिसती."

"का? काय झालं?"

"काय झालं मनती! तीन साल येगळी राह्यलेली बाई तू कागदावर. आन् चुलीला काजळी कुठाय? तलाठीन काय आंधळी हाय का? तिच्या घरी बी चूलच व्हती की ल्हानपणी."

 हे केसरबाईच्याही डोक्यात आलं नव्हतं आणि वनमालेच्याही.

"आठ दिस रांध हिच्यावर," तुळजाबाई म्हणाली. "दोन्ही टाइम. कापसाची पळाटी जाळ, लई धूर करती. आन् भित्तीला बी लागू दे जरा."

*

सोमवारी सकाळी वनमालेनं डबे मांडले. बोर्नव्हिटाच्या रिकाम्या बरणीत तूरडाळ. तिखट. बाटलीत तेल, बोटभर. ज्वारीचं पीठ स्टीलच्या डब्यात. प्रत्येक डबा ठेवताना ती आत बघून किती गेलं ते मोजत होती, ते केसरबाईला दिसत होतं. आपल्या वाटणीचं असं कुणी मोजून देण्याची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती. तेलाची बाटली जरा वाकडी झाली तर केसरबाईनं ती चोरासारखी सरळ केली.

"विस्तू आन गं तुझ्या चुलीतला," केसरबाई म्हणाली. "म्हंजे पेटवते."

वनमाला उठली नाही. घरातून कुणी वेगळं निघालं की जुन्या चुलीतला विस्तव खापरीवर घालून नव्या चुलीत नेतात. दोघींनाही ते ठाऊक होतं.

"काडेपेटी हाय," वनमाला म्हणाली आणि ती समोर ठेवली.

"आन् मीठ?"

"मीठ मी वाटणार न्हाई."

"आगं, दाखवायचंच हाय ना?"

"दाखवायचं असू दे. बाकी समदं मांडलं. मीठ वाटणार न्हाई. लागंल तवा मी आनून देत जाईन."

आणि ती देत गेली. दोन्ही वेळा. कालवणाला उकळी फुटली की वनमाला परसातून यायची, पळसाच्या पानावर चिमूट-दोन चिमटी मीठ, ते चुलीच्या कडेला ठेवायची आणि परत जायची. केसरबाई पान उचलून कालवणात झटकायची.

*

खरं म्हणजे केसरबाईला बरं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं हरभऱ्याचा पाला खुडून आणला आणि खापराच्या भांड्यात शिजवला, वर पिठाचा हात. वनमाला ही भाजी कुकरमध्ये करायची, तीन शिट्ट्या. इथं ती वैलावर संध्याकाळपर्यंत कोमट राहिली. भाकरी निखाऱ्यावर उभी केली तर टम्म फुगली. आठ-दहा वर्षांत तिनं भाकरी थापली नव्हती. तळव्यांना आठवत होतं सगळं.

शाळेतून आली की आरोही तिथंच येऊन बसायला लागली.

"आजी, ही चूल आपली का तुझी?"

"सरकारची हाय."

"खरं सांग की."

"हितं आदी बी चूल व्हती," केसरबाई म्हणाली. "ह्याच छपरात. तुझ्या पणजीची, सावित्रीबाईची. माझी सासू."

"ती कावून हितं राहायची?"

"आमचं बिनसलं. दूध-ताकावरनं. मी ताक मागं ठिवते मनली ती. मग मी मनलं तुमी येगळ्या ऱ्हावा. मी लई तरणी व्हते तवा, जीभ चालायची. तुझा आजा मेंढरं घेऊन रानोमाळ, दिवाळीलाच यायचा घरी. त्याला इचारलंच न्हाई कुणी."

"मग पणजी एकटीच जेवायची?"

"एकटीच." केसरबाईनं निखारे सारखे केले. "एकदा मिठाला आलती. वाटी घिऊन दारात हुबी. आन् घरात मीठ न्हाई बग. मिठाचा खडा न्हवता. पाऊस न्हवता त्या साली, कुणाच्याच घरात काय न्हवतं."

"मग?"

"मग काय. गेली."

"मग तिनं अळणी खाल्लं?"

"खाल्लं आसंल." केसरबाईनं भाकरीचा पापुद्रा काढून तिच्या हातात दिला. "हे खा. ऊनऊन हाय. फुकर. आगं, नाकानं न्हाई, तोंडानं!"

आरोही खिदळली, केसरबाईही हसली. परसात भांडी घासणाऱ्या वनमालेनं मान वर केली आणि परत खाली घातली.

*

शनिवारी हनुमान आला. अंगणात खिसे उलटे केले. मग त्याला दोन ठिकाणचा धूर दिसला.

"आता मी कोन्या घरी जेवू?" तो मोठ्यानं म्हणाला. "कागद दाखवा बरं माझा."

कुणी हसलं नाही, तेव्हा तो धुराच्या वासानं छपरात गेला आणि आईसमोर मांडी घालून बसला. तीन भाकरी खाल्ल्या. "लई दिसांनी, आई," एवढंच म्हणाला. मग ताट चाटून पुसून ठेवलं. त्याचे दात पांढरे दिसत होते आणि बाकी चेहरा राखेचा.

अंगणातल्या चुलीशेजारी वनमालेनं केलेली वांग्याची भाजी झाकलेलीच राहिली. तिनं ती झाकणासकट आत नेली.

रविवारी ती मीठ घेऊन आली आणि गेली नाही. उभी राहिली.

"आत्या, उद्या चौकशी झाली की ही चूल मोडायची."

"मोडू की."

"लगीच."

"मोडू मनलं ना."

"तसं न्हाई. तुमी हसता हितं. माझ्या घरात तुमी असं हसला न्हाईत कदी."

 वनमाला वळून निघून गेली. पळसाच्या पानावर मीठ तसंच होतं, त्या दिवशी जरा जास्तच.

*

सोमवारी अकरा वाजता तलाठीबाई आली. संगीता तिचं नाव. तिशीची असेल. स्कूटीवरून उतरली, रुमाल सोडला, बूट छपराबाहेर काढून ठेवायला लागली, तेव्हा सिदू म्हणाला, "मॅडम, शेळ्यांचं हाय ते." तरी तिनं काढले.

चुलीवर हरभऱ्याची भाजी शिजत होती. तलाठीबाईनं आधी चूल पाहिली. खाली बसून भिंतीवरून बोट फिरवलं, काजळी लागली ती पुसली. मग डबे उघडले. पीठ. डाळ. तिखट. तेलाची बाटली उजेडात धरली.

"मीठ कुठंय, आजी?"

वनमाला दारातच होती. नेहमीच्या वेळी नेहमीसारखी निघाली होती, आणि समोर तलाठीबाई बघून पानासकट मूठ पदराखाली गेली होती.

"घरात मीठ न्हाई," केसरबाई म्हणाली.

ते इतकं चटकन आलं की तिचं तिलाच चमकल्यासारखं झालं. वाक्य तयारच होतं. आवाजही तोच होता.

"मग भाजीत?"

"हरभऱ्याला आंब असती, बाई. चालून जातं."

तलाठीबाईनं दोघींकडे पाहिलं. मग कागद काढला.

"तुमचा जबाब आहे. वाचते, ऐका. 'मी, केसरबाई राधाकिशन, वय अडुसष्ट, विधवा. माझा मुलगा हनुमान व सून वनमाला माझा सांभाळ करीत नाहीत. मी त्यांच्यापासून स्वतंत्र राहून स्वतःचा स्वयंपाक...'"

"हे नका लिवू."

"काय?"

"सांबाळत न्हाईत ते. येगळी राहती एवढं लिवा की."

"तसा नमुना नाही, आजी. सांभाळतात लिहिलं तर पगार बंद. काय लिहू, तुम्हीच सांगा."

चुलीतली पळाटी तडतडली. केसरबाईनं अंगठा पदराला पुसला, जणू शाई आधीच लागली होती. सिदू शेळीच्या कानातली गोचीड काढायला लागला.

"सुनेनं तीन महिने माझं आंग धुतलंय," केसरबाई म्हणाली.

"लावा अंगठा, आत्या," दारातून वनमाला म्हणाली. "लावा. बाईंना उशीर व्हतोय."

केसरबाईनं अंगठा लावला. तलाठीबाईनं मोबाइल वर केला, चूल आणि म्हातारी एका चौकटीत घेतली.

"ताई, तुम्ही जरा बाहेर व्हा. फोटोत येताय."

वनमाला बाहेर झाली.

*

स्कूटीचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू येत होता. तो थांबल्यावर वनमाला आत आली आणि मूठ उघडली. पान चुरगळलं होतं. मीठ घामानं ओलं होऊन तळव्याला, बोटांच्या फाटलेल्या टोकांना चिकटलं होतं. झोंबत असणार. तिनं ते दुसऱ्या हाताच्या नखानं खरवडून चुलीच्या कडेला ठेवायला सुरुवात केली.

केसरबाईनं तिचं मनगट धरलं आणि हात तसाच भांड्यावर नेऊन झटकला. हातातून हातात. उरलेलं मीठ स्वतःच्या अंगठ्यानं पुसून घेतलं, शाईच्या अंगठ्यानं. मग एक ताट ओढलं.

"बस."

"कापसाला जायचंय मला. अर्दा दिस गेला."

"बस मनलं ना."

वनमाला बसली. पंधरा वर्षांत सासूनं तिला वाढलं नव्हतं, तिनंच सासूला वाढलेलं. मांडी कशी घालावी ते तिला कळेना, एक गुडघा वरच राहिला. केसरबाईनं भाकरी दिली, भाजी दिली, भाजीत खळगा करून तेल सोडलं. बाटली वाकडी झाली तरी सरळ केली नाही.

वनमालेनं दोन घास खाल्ले.

"खारट झाली."

"झाली आसंल."

तिनं तिसरा घास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पळाटीच्या धुरानंही येतं.

"ही मोडायची मग?" खाता खाता तिनं विचारलं, चुलीकडे न बघता.

"मोड की. पर सिदू मनत व्हता, दरसाल येणार हाय ती बाई."

वनमालेनं भाकरीचा तुकडा मोडला. "मग असू द्या," ती म्हणाली. "काजळी तरी कुठनं आणायची परत." मग हसली. "पर मीठ न्हाई देणार वाटून. पुढच्या साली बी घरात मीठ न्हाई मना."

"मनंन."

दुपारी दोघी कापसाला गेल्या. केसरबाईला वेचणं होत नव्हतं, ती बांधावर बसून कवडी निवडत होती. ऊन उतरेपर्यंत वनमालेचे एकोणीस किलो झाले.

पुढच्या महिन्यात पंधराशे जमा झाले, मशीनच्या अक्षरात. हजार घरात गेले. चारशेतून बूट आले, अडीच नंबरचे, पुढेही पुरावेत म्हणून. आरोही त्यांत कापसाचे बोळे घालून चालली. गोळ्यांच्या कप्प्यात शंभर राहिले. चंचीच्या तिसऱ्या कप्प्यात गाळातला एक शंख होता.

सावित्रीबाई वाटी घेऊन दारात आली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. त्या दिवशी मडक्यात मीठ होतं.